दोन पातेल्यांचं उदाहरण

आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळच्या फेऱ्या झाल्यावर बाकांवर जी मंडळी बसतात, त्यांना माझ्या सुनेची गोष्ट तोंडपाठ आहे. सासऱ्याकडून वर्षभर गणित शिकून घेतलं, परीक्षा दिली आणि नवऱ्याला-मुलीला घेऊन कॅनडाला निघून गेली. ज्यानं शिकवलं त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, की ही सगळी तयारी त्याला मागे ठेवून जाण्याची आहे. ही गोष्ट दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी घरांतून फिरली, आमच्या मंडळाच्या गणपतीत फिरली, नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचली. फिरवणारा मीच. तिच्यातलं एकही वाक्य खोटं नाही. मधला एक तुकडा मात्र मी कोणालाच सांगितला नाही. ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांतले काहीजण आता बागेत येत नाहीत, येणारही नाहीत. उरलेल्यांना तरी ती पूर्ण कळावी म्हणून लिहितो आहे.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबाच्या बाजूला नोकरी केली. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा खात्याच्या परीक्षांना बसणारे कनिष्ठ सहकारी संध्याकाळी माझ्याकडे यायचे. अपूर्णांक, गुणोत्तर, काळ-काम-वेग, मिश्रणं. ऑफिसात मला ‘मास्टरजी’ म्हणत. वरच्या पदाला पोचलो नाही, पण माझ्याकडून शिकून गेलेले पुष्कळ जण पोचले, आणि मला त्याचा अभिमान होता. निवृत्तीनंतर इथे, सहकारी सोसायटीतल्या या फ्लॅटमध्ये आलो, आणि हळूहळू मास्टरजी म्हणणारं कोणी उरलं नाही.

माझी पत्नी गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिकत. मुलगा गुरुग्रामच्या एका कंपनीत. सकाळी मेट्रो पकडायचा तो दिवेलागणीनंतरच घरी. सुनेनं मुलगी झाल्यावर बँकेतली नोकरी सोडली होती. नात शाळेतून येईपर्यंत दुपारभर घरात आम्ही दोघंच. मी माझ्या खोलीत पेपर वाचायचा, तिनं तिच्या खोलीत काय असेल ते करायचं. बोलणं म्हणजे “बाबा, चहा ठेवू?” आणि “ठेव.”

एका दुपारी ती चहाबरोबर एक जाडजूड पुस्तक घेऊन आली.

“बाबा, वेळ आहे तुम्हाला?”

“मला वेळच आहे. बोल.”

“एक परीक्षा द्यायचीय. मॅनेजमेंटच्या ॲडमिशनसाठी. इंग्लिशचं मी बघून घेईन, पण हे गणित... फ्रॅक्शन आले ना, की माझं डोकं बंद होतं. बिल्कुल बंद.”

“कुठे ॲडमिशन?”

“इथेच. दिल्लीत. शनिवार-रविवारचा कोर्स असतो.”

मी पुस्तक उघडलं. इंग्रजीत होतं, पण आतमध्ये सगळी माझीच ओळखीची माणसं भेटली: टाकी भरणारे दोन नळ, चहाच्या दोन जातींची सरमिसळ करणारा व्यापारी, दुधात पाणी घालणारा गवळी. इतक्या वर्षांनी, संगणकावर द्यायच्या परीक्षेत, तोच गवळी. मला काय आनंद झाला ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर आमचा वर्ग सुरू झाला.

ती दिल्लीत वाढलेली. घरात मराठी, पण साडेपाच कळायचं, सव्वा-पावणेचा तिचा भरवसा नव्हता. “बाबा, पावणेसात म्हणजे सिक्स फोर्टी-फाइव्ह ना? की सेव्हन फिफ्टीन?” असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी ठरवलं की हिला पुस्तकातल्या पद्धतीनं शिकवायचं नाही, मी शिकलो तसं शिकवायचं. आमच्या शाळेत पाढे तिसावर संपत नसत. त्यानंतर अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. चौतिसाव्या वर्षी ती हे पाठ करायला बसली. भाजी चिरताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. ऐकून ऐकून नातही म्हणायला लागली, आणि तिला वाटायचं हे गाणंच आहे.

पाऊणकीचा फायदा तिला पहिल्यांदा कळला तो क्षण मला आठवतो. चाळीस लिटर दुधातून दहा लिटर काढून तेवढंच पाणी घातलं, पुन्हा तसंच केलं, तर दूध किती उरलं? पुस्तकात भलामोठा सूत्राचा डोलारा होता. मी म्हटलं, “दर वेळी चौथा हिस्सा जातो. म्हणजे काय उरतं?”

“थ्री-फोर्थ. पाऊण.”

“चाळिसाची पाऊण?”

“तीस.”

“तिसाची पाऊण?”

ती क्षणभर थांबली. “साडेबावीस,” म्हणाली, आणि टेबलावर हात आपटून हसली. “बाबा, पेनच नाही लागलं!”

नंतर म्हणाली, “पण मला एक सांगा. हे गवळी सगळे चोरच का असतात? एक तरी प्रामाणिक असेल ना.”

“प्रामाणिक गवळ्यावर काय प्रश्न विचारणार? दूध किती, तर सगळं.”

“बिचारे. आपल्या बूथवर टोकन टाकलं की मशीन मोजून दूध देतं, त्याच्यावर एक प्रश्न नाही.”

मी तिला आणखी एक सवय लावली. उत्तर आलं की पेन खाली ठेवायचं नाही, उलट जाऊन ताळा करायचा. हा शब्दही तिला नवा होता. आलेलं उत्तर पुन्हा उदाहरणात घालून बघायचं, जुळतं का. ती कुरकुरायची. “बाबा, घड्याळ चालू असतं. एका प्रश्नाला दोनच मिनिटं मिळतात.”

“मग दीड मिनिटात सोडव आणि अर्ध्या मिनिटात ताळा कर.”

“तुम्ही बरोबर म्हणालात तरी?”

“मी म्हटलं तर दोनदा कर.”

ती हसली. तेव्हा तो विनोदच होता.

काही महिने असे गेले. मी सकाळी बागेतून येताना आज कोणती उदाहरणं घ्यायची याचा विचार करत यायचो. कधी कधी ओट्यावरची खरी पातेली घेऊन, खरं पाणी ओतून दाखवायचो. पत्नी गेल्यानंतर त्या स्वयंपाकघरात मी पाणी प्यायलासुद्धा जात नसे. माझ्या मुलानं लहानपणी माझ्याकडून कधी गणित शिकून घेतलं नव्हतं. त्याला शिकवणी लावावी लागली होती, कारण मी शिकवायला बसलो की आम्ही भांडायचो. ही परक्या घरातून आलेली मुलगी माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत शिकत होती. मला वाटलं, हे आमचं आहे, हिचं आणि माझं.

गणपतीच्या तयारीची बैठक आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होती. आमच्या सरोजिनी नगरच्या दिवसांपासूनच्या शेजारीण वहिनी यादी करत होत्या: मोदक कोणाकडे, दुसऱ्या दिवशीची आरती कोणाकडे. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, पुढच्या वर्षीपासून तुमची आरती दुसऱ्यांना द्यावी लागणार म्हणायची.”

“का बरं?”

“का म्हणजे? घरात कोण असणार तुमच्या? की तुम्हीही चाललात त्यांच्याबरोबर? अच्छा, मला वाटलं तुम्ही इथेच राहताय.”

मला काहीच समजलं नाही. पण मी हसलो. सरकारी नोकरीत माणूस हे शिकतो. साहेबांनी न कळवलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कळली, की आधीच माहीत असल्यासारखं हसायचं.

“आमची सून म्हणत होती,” वहिनी बोलतच होत्या, “तिला तिकडच्या युनिव्हर्सिटीत मिळालं की हाही तिकडेच जॉब बघणार. कॅनडा ना? आणि तुम्ही स्वतः शिकवताय तिला! मी तर घरी सगळ्यांना सांगते, मन मोठं लागतं यार याला.”

“ठरतंय अजून,” मी म्हटलं.

“मुलांना अडवू नये, भाऊजी.”

“नाहीच अडवत.”

घर शंभर पावलांवरसुद्धा नव्हतं. तरी मी बागेला वळसा घालून आलो. मुलं परदेशी जातात. आमच्या इमारतीत अर्ध्या घरांतली गेलेली आहेत, त्यात नवल नव्हतं. वहिनींच्या सुनेला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे मला गिळता येईना. आणि कुठे लपवलं, तर त्या टेबलावर. रोज माझ्यासमोर बसून, ‘बाबा, हे सांगा, बाबा, ते सांगा’ करत. मला मूर्ख बनवायला माझीच हौस वापरली होती. ज्या दोरानं मला बांधून मागे ठेवायचं तो माझ्याकडूनच वळून घेत होती, असं मला वाटलं. आणि मी आनंदानं वळत होतो.

मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तिनं आपण होऊन सांगावं असं मनात धरून बसलो. संधी मात्र दिल्या.

“तुझ्या त्या कोर्सचे वर्ग कुठे भरतात गं?”

तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. “साउथ दिल्लीत कुठेतरी, बाबा.”

“मेट्रो जाते का तिथे?”

“जात असेल.”

रविवारी मुलाला विचारलं, “काय म्हणतंय ऑफिस?” तो म्हणाला, “चाललंय.” मी म्हटलं, “पुढचं काही?” तो म्हणाला, “पुढचं काय, तेच.” आणि त्यानं नातीला मांडीवर घेतलं. मी त्या दोघांकडे बघत बसलो. घरातला प्रत्येक माणूस मला एक उत्तर पाठ करून देत होता.

शिकवणं मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी पूर्वीसारखाच बसत होतो, पूर्वीसारखाच चहा पीत होतो. आतून मात्र मी तपासनीस झालो होतो. ती काय बोलते, काय गाळते, फोन आला की उठून आत का जाते.

परीक्षा जवळ आली होती. त्या दुपारी ती खुशीत होती, कारण मिश्रणाची उदाहरणं भराभर सुटत होती. पुस्तकातलं एक उदाहरण असं: तीन लिटरच्या पातेल्यात दूध आणि पाणी दोनास एक, पाच लिटरच्या पातेल्यात तीनास दोन. दोन्ही एकत्र केली तर प्रमाण काय?

तिनं लिहिलं: दोन आणि तीन पाच, एक आणि दोन तीन. पाचास तीन. मागे उत्तर बघितलं, बरोबर.

“बाबा! इतकं सोपं? दूध दुधात मिळवायचं, पाणी पाण्यात, की झालं! आपण उगाच ते सगळं मांडत बसायचो.” मग तिनं वहीवर चौकट आखली, जशी ती पक्क्या गोष्टींभोवती आखायची, आणि विचारलं, “हे नेहमी चालेल ना?”

चालत नाही. इथे चाललं, कारण पहिल्या पातेल्यात बरोबर तीन लिटर होतं आणि दुसऱ्यात बरोबर पाच. पातेली सारख्या मापाची असली की हे कोसळतं. शिकवणाऱ्याला माहीत असलेली ही सगळ्यांत जुनी चूक आहे. परीक्षा काढणाऱ्यांनाही ती माहीत असते. म्हणून ते मापं सारखी देतात आणि पर्यायांत ‘पाचास तीन’ मुद्दाम ठेवतात, पाय घसरणाऱ्यासाठी. सरोजिनी नगरमध्ये ही चूक करणाऱ्याला मी हमखास थांबवायचो. म्हणायचो, “थांब. पातेलं किती मोठं आहे ते आधी विचार.”

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात शंका नव्हती, नुसतं माझं हो ऐकायचं होतं.

मी म्हटलं, “चालेल.”

तिनं चौकट गडद केली आणि पान उलटलं. मी उठून चहाचा कप विसळला. एवढंच घडलं. त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज सांगता येण्यासारखं होतं, आणि रोज मी ठरवायचो, आज ती खरं बोलली तर मीही बोलेन.

परीक्षेच्या दिवशी मुलगा तिला सोडायला, आणायला गेला. त्या परीक्षेचे मार्क तिथेच पडद्यावर दिसतात. ती घरात आली तेव्हा तिनं चपला नेहमीच्या जागी न ठेवता दारातच काढल्या, त्यावरून मला कळलं.

“थोडक्यात गेलं,” मुलगा म्हणाला. “गणितात. इंग्लिश एकदम फर्स्ट क्लास, आणि गणितात माती.”

मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो.

“बाबांनी एवढं शिकवलं,” तो तिला म्हणाला, माझ्यासमोर, नातीसमोर, “आणि तुझे फ्रॅक्शन चुकतात? सातवीतली गणितं? त्यांनी वर्ष घातलं यार तुझ्यासाठी!”

ती म्हणाली, “माझाच अभ्यास कमी पडला.”

तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. राग नव्हता. ती जणू एखादं उत्तर पडताळत होती. मी कपाळाला आठ्या घालून म्हणालो, “असू दे रे. तिला पाणी दे आधी.” सासरे किती समजूतदार, असं त्या वाक्यावरून कोणालाही वाटलं असतं. मुलाला वाटलंच. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं.

त्यानंतर ती टेबलावर आली नाही. दुपारी तिच्या खोलीचं दार लावलेलं असायचं, कानात इअरफोन, मोबाइलवर कोणीतरी शिकवत असायचं. मी विचारलं, “काही अडतंय का?” ती म्हणाली, “नाही बाबा, होतंय.” आवाज गोडच होता. मला वाटलं, आता माझी गरज संपली. फसवणुकीवर हा आणखी एक थर, असं मी ते धरलं. काही महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. मध्ये एक शिष्यवृत्ती हातची गेली होती, ती तिला परत मिळाली नाही.

ॲडमिशन झाल्यावर दोघं माझ्यासमोर बसले. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला सांगणारच होतो.”

“कधी? विमानतळावर?”

“आई गेली होती. तेव्हा लगेच कसं सांगणार? मग रोज पुढे गेलं.”

“वहिनींच्या सुनेला बरं सांगता आलं.”

सून जमिनीकडे बघत होती. त्या क्षणी सगळा न्याय माझ्या बाजूला होता. मी फसवला गेलो होतो, आणि समोर फसवणारे बसले होते. तो ‘चालेल’ त्या क्षणी मला आठवलाही नाही, असं लिहायला आवडलं असतं. आठवला होता. मी तो बाजूला सारला.

ते गेले आणि मी बागेत गोष्ट सांगायला लागलो. पहिल्यांदा रागात, मग सवयीनं. लोक हळहळायचे, कोणी पोळी-भाजी आणून द्यायचं. “शिकवून घेतलं आणि टांग मारली” हे वाक्य माझं. ते लोकांनी उचललं.

गेल्या संक्रांतीला ती नातीला घेऊन आली होती. मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम हॉलमध्ये होता. ती सगळ्यांना वाकून नमस्कार करत तिळगूळ देत फिरत होती. वहिनींपाशी आली तेव्हा वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, “काय गं, पुन्हा गणित शिकायला आलीस का सासऱ्यांकडे? आता आणखी कुठे पळायचंय?”

आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

ती म्हणाली, “बाबांनी शिकवलं म्हणून तर जाता आलं, काकू. घ्या, गोड बोला.” आणि तिनं वहिनींच्या हातावर लाडू ठेवला. घरी आल्यावरही ती त्याबद्दल काही बोलली नाही. तिनं बोलावं, असं मला वाटत होतं.

त्या दोघी परत गेल्यावर एका रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. नात म्हणाली, “आजोबा, मला एक प्रॉब्लेम सॉल्व्ह करायचाय. फ्रॅक्शनचा.” दहा वर्षांची झाली आहे ती. तिकडच्या पुस्तकात गवळी नसतो, सरबत असतं. सरबताचे सारख्या मापाचे दोन जग. एकात अर्धा भाग संत्र्याचा रस, दुसऱ्यात पाऊण. एकत्र केले तर रसाचा भाग किती?

“सांग बघू, अर्धा आणि पाऊण किती?”

“सव्वा!” गाणं अजून पाठ होतं.

“आणि जग किती?”

“दोन. म्हणजे सव्वाचा हाफ... फाइव्ह-एट्थ?”

“बरोबर. पाच अष्टमांश. झालं.”

“थांबा, मला ताळा करायचाय.” ती कागदावर वाकली. तिला ‘शेजारी’ हा शब्द आठवत नाही, ‘परवा’ आणि ‘तेरवा’ यांत गोंधळते, आणि हा शब्द तिनं न अडखळता म्हटला.

“शाब्बास. हे कोणी शिकवलं?”

“आईनं. आई म्हणते, आजोबांना विचार, त्यांना सगळं येतं. पण ताळा तू कर.”

मागे ओट्यापाशी सून उभी होती. पाठमोरीच होती, पण तिचे हात थांबले.

मी नातीला म्हटलं, “आईकडे फोन दे, आणि तू आत जा जरा.” सून समोर आली. हात पुसत होती. मी म्हटलं, “ते दोन पातेल्यांचं उदाहरण. तू विचारलंस नेहमी चालेल का, आणि मी...”

“माहीत आहे, बाबा.”

“कधीपासून?”

“परीक्षेत आलं होतं ते. सारखी मापं. मी तसंच केलं, पाचास तीन आलं, खाली ऑप्शनही होता. क्लिक करणार होते. पण तुम्ही लावलेली सवय. पंधरा-पंधरा लिटर धरलं. एकात दहा दूध, दुसऱ्यात नऊ. एकोणीस. आणि पाचास तीननं येत होतं पावणेएकोणीस.” ती पावणेएकोणीस अगदी सहज म्हणाली. “पाव लिटर जुळेना. आधी मला वाटलं माझंच चुकतंय. मग वाटलं, बाबांच्या लक्षात आलं नसेल. मग कळलं, की तुमच्या लक्षात न येणं शक्यच नाही.”

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“तो प्रश्न बरोबर आला, बाबा,” ती म्हणाली. “एकोणीसास अकरा. त्याच्या पुढचे गेले. मी नुसती बसून होते. तुम्हाला आमचं कळलंय, एवढं त्या खुर्चीवर समजलं मला. घड्याळ चालू होतं.”

“मग त्या दिवशी घरी बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? आम्हीही सांगितलं नव्हतं तुम्हाला.”

“ते वेगळं.”

“हो,” ती म्हणाली. “वेगळंच आहे.” तिनं मला सोडवलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

मी म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, “मला सांगून काय होणार, मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.” मग मागून कुकरची शिट्टी झाली आणि ती म्हणाली, “ठेवते बाबा, जेवून घ्या वेळेवर.”

मी वहिनींपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी बागेत त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पायातले बूट सैल करत होत्या.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं काय झालं! एक ‘चालेल’ म्हणालात. आणि ती तरी तुम्हाला फसवतच होती की.”

“होती.”

“मग झालं बराबर.”

“नाही झालं, वहिनी.” मी त्यांना पावणेएकोणीस आणि एकोणीस समजावून सांगितलं. बाकावर बोटानं पातेली काढली.

“पाव लिटर! अहो, आमचा पूर्वीचा दूधवाला रोज त्याहून जास्त घालायचा.”

मी हसलो नाही. त्यांनीही मग हसणं आवरलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “संक्रांतीला मी तिला सगळ्यांसमोर बोलले. पळायचंय का म्हणाले. तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?”

“होतो.”

“हसलात पण.”

“हो.”

वहिनींनी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. आम्ही दुसरी फेरी नेहमी बरोबर मारतो. त्या दिवशी त्या उठल्या आणि माझ्यासाठी न थांबता चालू लागल्या.